तीन नंबरची खुर्ची

भोपाळ लांब आहे, म्हणून भोपाळची व्हीसी असली की आवाज पंच्याऐंशीवर ठेवायचा. जिल्हा जवळ आहे, म्हणून जिल्ह्यासाठी साठ पुरे. हा नियम आमच्या ऑफिसात बडे बाबूंनी केला होता आणि तो चुकीचा आहे हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आवाज तारेतून येतो, चालत येत नाही, असं मी म्हटलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रजिस्टर उघडून लिहिलं: भोपाळ, पंच्याऐंशी. पुढं नवा जिल्हा झाला, छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्याहून व्हीसी यायला लागली, तेव्हा त्यांनी थोडा वेळ छताकडं पाहून मनात अंतर मोजलं आणि साठाचे पंचेचाळीस केले. गंमत म्हणजे पंचेचाळीसवर खरंच नीट ऐकू येत होतं. का येत होतं ते मला आजही माहीत नाही.

व्हीसी म्हणजे व्हिडिओवरची बैठक. दर सोमवारी जिल्ह्याचे साहेब आपल्या खोलीत बसून सगळ्या तहसिलींच्या साहेबांना पडद्यावर बोलावतात आणि कुणाचं काम किती मागं पडलंय ते विचारतात. आमच्या सौंसरच्या तहसील ऑफिसात त्यासाठी एक वेगळी खोली होती. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्यावर मान फिरवणारा कॅमेरा, टेबलावर माइक आणि एक रिमोट. मी तिथली ऑपरेटर. नोकरी कंत्राटी, दर मार्चमध्ये वरून यादी यायची, तिच्यात नाव असलं की पुढचं वर्ष मिळालं. घरी नवऱ्याचं रेडिमेड कपड्यांचं दुकान बंद पडलेलं, मुलगी सातवीत. त्या यादीवर आमचं घर चालत होतं.

कागदोपत्री ऑपरेटर मी असले तरी रिमोट बडे बाबूंच्या शर्टाच्या खिशात असायचा. ते ऑफिसचे मुख्य लिपिक, रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेले. उंच, काटकुळे, मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेले, रोज रामाकोन्याहून स्कूटरवर येणारे. स्कूटरच्या डिकीत संत्री, डब्याची पिशवी आणि ते रजिस्टर. रिमोटला प्लास्टिकचं कव्हर, कव्हराला रबरबँड, आणि रबरबँड काढायचा अधिकार फक्त त्यांना. मला काही बटण दाबायचं असलं तर मी त्यांना सांगायची, ते कारण विचारायचे, मग रिमोट माझ्या हातात द्यायचे आणि काम होईपर्यंत बाजूला उभे राहायचे.

माझी स्वतःची परिस्थितीही काही कमी विचित्र नव्हती. मी राहते पांढुर्ण्याला, जाम नदीच्या अलीकडं. रोज सकाळी बस धरून तासभर धक्के खात सौंसरला पोचायची, टीव्ही लावायची आणि पडद्यावर पांढुर्णा बघायची. जिल्ह्याच्या साहेबांच्या मागं एक खिडकी होती आणि त्या खिडकीतून आमच्या मोहल्ल्याची पाण्याची टाकी दिसायची. एका सोमवारी टाकी भरून वाहताना मी सौंसरहून पाहिली आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं. बडे बाबूंना हे फार आवडलं. तेव्हापासून व्हीसी लागली की ते आधी मला विचारायचे, टाकी दिसून राहिली का, आणि मी हो म्हटलं की रजिस्टरमध्ये लिहायचे: चित्र स्पष्ट.

त्या रजिस्टरचं नाव दृश्य-श्राव्य पंजी. तारीख, वेळ, प्रकाश, रंग, आवाज आणि कारण असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखलेले. मशीनचा सगळा मेनू इंग्रजीत, वरून येणारी पत्रं हिंदीत आणि आमची भांडणं मराठीत, त्यामुळं त्या पंजीत तिन्ही भाषा एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या असायच्या. खरी मजा कारणाच्या रकान्यात होती. 'साहेब आज थकलेले, प्रकाश दोनने वाढवला.' 'पलीकडचे साहेब रागात, आवाज पाचने कमी.' 'ढगाळ, रंग थोडा पिवळा दिला.' कारण लिहिल्याशिवाय त्यांनी कधी एक सेटिंगही बदललं नाही. कारणं मला पटायची नाहीत, पण बदललेलं सेटिंग चुकलंय असंही दाखवता यायचं नाही. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली बाई आणि माझ्यासमोर हा माणूस अंदाजानं मशीन चालवतोय, याचा मला मनस्वी राग यायचा.

म्यूटवरून तर आमचं नेहमीचं वाजायचं. व्हीसीत कुणी ना कुणी माइक बंद असताना बोलत सुटतंच. हात हलतात, ओठ हलतात, आवाज नाही. कोणत्याही ऑफिसात अशा वेळी दहा जण ओरडतात, माइक चालू करा म्हणून. बडे बाबू मात्र आपल्या साहेबांनाही सांगू द्यायचे नाहीत. एकदा दुसऱ्या तहसिलीचे एक म्हातारे अधिकारी चांगले पाच मिनिटं बंद माइकवर तावातावानं बोलत होते. मी रिमोट मागितला, निदान पडद्यावर संदेश तरी पाठवू म्हटलं. ते म्हणाले, "बोलू दे बाई त्याईले. मन मोकळं होते माणसाचं. मंग सांगू." ते अधिकारी बोलून थांबले, हसले, पाणी प्यायले. मग त्यांना सांगितलं. त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, पण यावेळी दोन वाक्यांत. कामाच्या वेळेचा असा सत्यानाश मी दुसरीकडं कुठं पाहिला नव्हता.

कॅमेऱ्याच्या जागा ठरवून ठेवता येतात. रिमोटवर एक दाबलं की कॅमेरा आमच्या साहेबांवर जायचा, दोन दाबलं की पूर्ण टेबल दिसायचं. तीन दाबलं की तो मान वळवायचा आणि भिंतीजवळच्या एका रिकाम्या खुर्चीवर थांबायचा. साधी लाकडी खुर्ची, वर कॅलेंडर. तिथं कुणी बसायचं नाही. तरी दर सोमवारी व्हीसीच्या आधी ते एक, दोन, तीन दाबून बघायचे आणि तीनवर आलं की खुर्ची फडक्यानं पुसायचे. मी विचारलं, ही कशाला? ते म्हणाले, कॅमेऱ्याच्या मानेला आराम. महिन्याभरानं पुन्हा विचारलं तर म्हणाले, कोणी येईल. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, तुला काय त्रास होऊन राहिला? पंजीत मागं जाऊन पाहिलं तर तीन नंबर मी नोकरीला लागायच्या आधीच नोंदलेला होता आणि कारणाच्या रकान्यात फक्त 'असावा' एवढंच लिहिलेलं होतं.

आता कुंकवाची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माणूस कळणार नाही. दसऱ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी आमच्याकडं ऑफिसातल्या हत्यारांची पूजा होते. पूर्वी टाइपरायटरची व्हायची, आता कॉम्प्युटरची होते. त्या वर्षी मी रजेवर होते. बडे बाबूंनी स्टुलावर चढून टीव्हीला फुलांचा हार घातला, माइकवर अक्षता टाकल्या, रिमोटखाली आपट्याची पानं ठेवली आणि कॅमेऱ्याला हळदीकुंकू लावलं. लावलं ते भिंगावर. त्याला कपाळ तेवढंच, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. आरती झाल्यावर त्यांनी ओल्या रुमालानं ते पुसलंही, पण कुंकू पुसल्यानं जात नसतं, ते पसरतं.

सुट्टीनंतरच्या सोमवारी आमचे साहेब पडद्यावर लालभडक झाले. टेबल लाल, फायली लाल, भिंत गुलाबी. जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं, खोलीला रंग दिला का? बडे बाबू रात्रीतून म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी रंगाची सगळी सेटिंग्ज उघडली. लाल कमी केला, निळा वाढवला, हिरवा वाढवला, उजेड बदलला, खिडकीला पडदा लावला, पडदा काढला. मी रजेवरून आले आणि मीही त्याच नादाला लागले. पूजेत कुंकू भिंगावर लावलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस आम्ही दोघं त्या मेनूत शोधत होतो. मी म्हणायची व्हाइट बॅलन्स बिघडलाय. ते म्हणायचे साहेबांची तब्येत बघायला पाहिजे. शेवटी शेवटी साहेबांचा चेहरा माणसासारखा दिसायला लागला आणि आम्ही हुश्श केलं. त्याच दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी स्टुलावर चढून कॅमेरा चांगला लख्ख पुसला.

पुढच्या व्हीसीत साहेब हिरवे. कुंकू होतं तोपर्यंत आमची सेटिंग्ज बरोबर होती. कुंकू गेलं आणि सगळा हिशेब उलटा बसला. मावशी म्हणाल्या, काच लाल होती, पुसली. मी डोक्याला हात लावला. बडे बाबू मात्र पंजीसमोर बसून राहिले, कारण तीन दिवसांच्या त्या घाईत जुनी सेटिंग्ज लिहायची त्यांच्याकडून राहून गेली होती. पहिल्यांदाच राहिली होती. मला त्यांचा राग यायच्या ऐवजी का कोण जाणे वाईट वाटलं. मी म्हटलं, बाबूजी, मला साधारण आठवतात, आणि ठोकून आकडे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बाईच्या आठवणीने.'

मशीनमध्ये ऑटो आन्सर नावाची एक सोय असते. ती चालू केली की पलीकडून कॉल आला की मशीन आपोआप उचलते, कुणी बटण दाबायला नको. बडे बाबूंनी ती चालू करून ठेवलेली होती. माझ्या आधी कधीतरी ते चहाला गेले असताना कॉल येऊन गेला होता आणि वरचे साहेब घंटी ऐकत बसले होते. माणसाला दारात उभं ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी काय काय झालं ते विचारू नका. एका सोमवारी वेळेच्या आधी कॉल आला, मशीननं इमानदारीनं उचलला आणि जिल्ह्यानं आमच्या ऑफिसला तर्री-पोहे खाताना पाहिलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. पडद्यातून आवाज आला, आम्हालाही द्या, तेव्हा आमच्या साहेबांच्या हातातली प्लेट वाकडी झाली.

हसायचं तेवढं हसलो. पण याच सोयीनं माझा घात करायची वेळ आणली. थंडी संपता संपता वरून पत्र आलं. ज्या ऑफिसांत व्हीसीचा कॉल आपोआप घेतला जातो तिथं वेगळ्या ऑपरेटरची गरज दिसत नाही. सौंसरबाबत पुढच्या सोमवारी व्हीसीतच निर्णय होईल. त्या बैठकीत फक्त नियमित कर्मचाऱ्यांनी बसावं. म्हणजे त्या दिवशी मी बाहेर बसायचं, मशीन आत आपोआप कॉल उचलणार, आणि मी नसले तरी चालतं हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसणार. यादीतून नाव काढायला आणखी काय पुरावा लागतो?

मी पत्र घेऊन तडक बडे बाबूंकडं गेले. ऑटो आन्सर बंद करा म्हटलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चालू गोष्ट बंद कशी करू बाई? कारण काय लिहू?" मी म्हटलं, कारण मी. माझं घर. ते लिहा. त्यांनी पत्राची घडी घातली. मग मी त्यांना नको नको ते बोलले. तुम्हाला यातलं काही कळत नाही, चार वर्षं तुम्ही नुसता अंदाज करताय आणि तुमच्या अंदाजापायी माझी नोकरी चालली, असंही बोलले. त्यांनी रिमोटला रबरबँड लावला, खिशात ठेवला आणि डबा खायला गेले. बसमध्ये मी पांढुर्ण्यापर्यंत रडत आले.

तो आठवडा त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलून काढला. दुपारभर त्या खोलीत एकटेच बसायचे. बाहेरून मेनू उघडझाप होताना दिसायचा. मला वाटलं, ते आपल्या निरोपाची तयारी करताहेत. कारण रिटायर होणाऱ्या माणसाशी शेवटच्या सोमवारी जिल्ह्याचे साहेब व्हीसीवर दोन शब्द बोलतात, अशी पद्धत होती, आणि आपल्या निरोपाची सेटिंग्ज बडे बाबूंनी वर्षभर आधीच ठरवली होती. पांढरा शर्ट, म्हणून प्रकाश एकने कमी. बायको शेजारी बसणार, तिचं लुगडं हिरवं, म्हणून मागं पिवळा पडदा. तिला ते अजून म्हणायचे, तुला जिल्हा पाहील. मी मनात म्हटलं, घ्या, माझी नोकरी जाते आणि यांना पडद्याचा रंग सुचतो.

सोमवारी मी खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं. आत साहेब, दोन बाबू आणि हातात रिमोट घेतलेले बडे बाबू. ठरल्या वेळी घंटी वाजली. मी डोळे मिटले. आता मशीन उचलणार. घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. पुन्हा वाजली.

साहेब म्हणाले, उचला ना बाबूजी. ते म्हणाले, "उचलूनच राहिलो साहेब." आणि ते खरंच बटणं दाबत होते. आवाज वाढला, कमी झाला. कॅमेरा खिडकीकडं वळला, छताकडं वळला. टीव्हीचा मेनू आला, गेला. कॉल उचलायचं हिरवं बटण रिमोटच्या मधोमध आहे, लहान मुलालाही दिसेल असं. त्याला सोडून त्यांचं बोट सगळीकडं फिरत होतं. साहेबांनी रिमोट मागितला तर त्यांनी तो दिला, पण साहेबांनी कधी कव्हरातला रिमोट हातात धरलेलाच नव्हता. घंटी चौथ्यांदा बंद झाली. तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला. जिल्ह्यातून विचारत होते, सौंसर का लागत नाही? साहेबांनी घाबरून फोन बडे बाबूंच्या हातात दिला. त्यांनी आपल्या त्या हिंदीत, जिच्यात क्रियापदं मराठीच असायची, शांतपणे सांगितलं की उचलणाऱ्या बाईंना पत्राप्रमाणं बाहेर बसवलेलं आहे, त्या आत आल्याशिवाय लागणार नाही.

पलीकडं कुणी काय म्हटलं ते कळलं नाही. साहेबांनी दारातून मला हाक मारली. मी आत गेले, चपला बाहेर काढायचा बडे बाबूंचा नियम विसरले, आणि त्यांनी टोकलं नाही. रिमोट घेतला, घंटी पुन्हा वाजली, हिरवं बटण दाबलं. पांढुर्णा दिसला. टाकी दिसली. जिल्ह्याच्या साहेबांचा चेहरा तापलेला होता. मी रिमोट टेबलावर ठेवून मागं सरकले तसे बडे बाबूंनी भिंतीकडं बोट दाखवलं.

"बस बाई तिथं," ते म्हणाले, आणि त्यांनी तीन दाबलं.

कॅमेऱ्यानं मान वळवली. पडद्याच्या कोपऱ्यात आपलं चित्र दिसतं, त्या चौकोनात मी दिसले. कॅलेंडरखाली, लाकडी खुर्चीवर, पदर खोचलेला तसाच. चार वर्षं मी त्या चौकोनात दुसऱ्यांना बसवत होते, स्वतःला तिथं कधी पाहिलं नव्हतं. जिल्ह्याचे साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांनी माझं नाव विचारलं, कुठल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, पांढुर्ण्याची. तुमच्या मागं जी टाकी आहे तिच्याखालच्या मोहल्ल्यातली. ते मागं वळून खिडकीकडं बघायला लागले.

मार्चच्या यादीत माझं नाव राहिलं. पण अकरा मिनिटं जिल्हा खोळंबला होता आणि त्याचा जाब कुणाला तरी द्यायचा होता. बडे बाबूंना कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर टाइप करायला ते माझ्याकडंच आले आणि शेजारी उभे राहून सांगायला लागले. 'मला हे यंत्र समजत नाही. चार वर्षांत समजलेलं नाही. त्यातील एक सोय माझ्या हातून नकळत बंद झाली. ऑपरेटरखेरीज या ऑफिसात यंत्र कुणालाही चालवता येत नाही.' माझे हात थांबले. हे सगळं मीच त्यांना रागाच्या भरात सुनावलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मी म्हटलं, बाबूजी, हे असं नका लिहू. हे खरं आहे का?

"टाइप कर बाई," ते म्हणाले. "खरं खोटं पाहायचं काम तुझं नाही."

त्यांनी सही केली. त्यांना ताकीद मिळाली, फाइलला लागली. आणि ताकीद मिळालेल्या माणसाशी व्हीसीवर दोन शब्द कोण बोलणार? शेवटच्या सोमवारी ते पांढरा शर्ट घालून आले होते. बायकोला आणलं नव्हतं. बैठक संपली, पलीकडून नमस्कार झाला, पडदा काळा झाला. आम्ही ऑफिसातल्यांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला, चिवडा-पेढे खाल्ले. जाताना त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला आणि रबरबँड दोनदा गुंडाळायचा, एकदा गुंडाळला तर निसटतो, असं बजावलं. मी पाया पडले. मला त्यांची माफी मागायची होती, आणि मागितली नाही, कारण नेमकी कशाची मागायची तेच कळत नव्हतं.

पंजी आता माझ्याकडं आहे. घंटी वाजत राहिली त्या सोमवारची नोंद मी कितीदा काढून वाचली. तारीख आहे, वेळ आहे. आवाज पंचेचाळीस. ऑटो आन्सर बंद. कारणाचा रकाना कोरा आहे. चुकून बंद झालं असतं तर त्यांनी 'चुकून' लिहिलं असतं. मुद्दाम केलं असतं तरी काहीतरी लिहिलंच असतं. तो माणूस ढग आले तरी कारण लिहायचा. कधी मला वाटतं, ते पडद्याचा रंग शोधत मेनूत भटकत होते आणि बोट पडलं भलतीकडं. कुंकवाचे तीन दिवस मी विसरलेले नाही. आणि कधी वाटतं, हिरवं बटण न सापडणं इतकं सोपं नसतं. नवरा म्हणतो, तुझं काम झालं ना, मग कशाला खोदते. पण दर सोमवारी मी एक, दोन, तीन दाबते, तीनवर आलं की खुर्ची पुसते, आणि पुन्हा तिथंच येते.

मागच्या संत्र्याच्या मोसमात, रविवारी भर दुपारी, मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आधी पूर्ण पडदाभर त्यांचा कान. मग आभाळ. मग संत्र्याची झाडं आडवी. मी म्हटलं, बाबूजी, फोन उभा धरा. ते म्हणाले, झाडं दाखवून राहिलो. बगीचा बरा होता, बायकोचे गुडघे दुखत होते, टाकी दिसते का म्हणून विचारून झालं. ते बांधावर बसले होते, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला वाटलं, आज विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही.

"बाबूजी," मी म्हटलं, "त्या दिवशी ते तुम्ही मुद्दाम बंद केलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फोन या हातातून त्या हातात घेतला, आणि घेताना अंगठा कुठं तरी लागला असावा, कारण पडद्यावर माइकवर रेघ आली. ते बोलायला लागले. आवाज नाही. ओठ हलत होते, हात हलत होता. मी तोंड उघडलं, एका शब्दाचं काम होतं, माइक चालू करा बाबूजी. मग मी तोंड मिटलं. ते खूप वेळ बोलले. मधेच हसले. मधेच हातानं बाजूला काहीतरी दाखवलं, जिथं खुर्ची असती तर असती. एकदा चष्मा काढून डोळे पुसले, तो घाम होता की काय, कळलं नाही. मी ओठ वाचायचा प्रयत्न केला आणि मला एक अक्षर लागलं नाही. मला फार रडू येत होतं आणि मी मान हलवत होते.

बोलून झाल्यावर त्यांनी फोन पुन्हा हातात बदलला. माइकवरची रेघ गेली. मोटारपंपाचा आवाज आला, पाखरांचा आला, आणि मग त्यांचा आला.

"समजलं ना बाई?"

"समजलं, बाबूजी," मी म्हटलं.